मंत्रालयावर तिरंगा दिसतो, मग महाराष्ट्राचा स्वतःचा झेंडा कोणता?

महाराष्ट्राला स्वतःचा अधिकृत झेंडा नाही. मंत्रालयावर फडकतो तो राष्ट्रध्वजच. राज्याची खूण म्हणजे राजमुद्रा, जी शासनाच्या कागदपत्रांवर दिसते: मधोमध समई, भोवती कमळाच्या पाकळ्या आणि संस्कृत श्लोक. हा श्लोक शिवरायांच्या मुद्रेवरूनच घेतलाय, फक्त ‘शाहसूनोः शिवस्यैषा’च्या जागी ‘महाराष्ट्रस्य राज्यस्य’ आलं. प्रतिपदेच्या चंद्रकोरीसारखी वाढणारी, जगाने वंदावी अशी ही मुद्रा कल्याणासाठी विराजते, हा भाव तोच. बदल नेटका साधलाय, वृत्तही मोडत नाही. शिवजयंतीला मुंबईभर दिसणारा भगवा परंपरेचा, सरकारी नव्हे. अर्थात, राज्याच्या झेंड्याला घटनेत मनाई नाही; कर्नाटकाने २०१८ मध्ये स्वतःचा झेंडा प्रस्तावित केला होता.