पिकअपचा साइड गार्ड आणि चॅसिसचा गंज

प्रश्न : मिरकरवाडा बंदरातून मासळी नेणाऱ्या माझ्या पिकअपला दोन्ही बाजूंनी पाइपचे गार्ड लावायचे आहेत. फॅब्रिकेटर म्हणतो, थेट चॅसिसला वेल्डिंग मारू. चॅसिसवर आधीच गंजाचे डाग आहेत. काय करावं?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : चॅसिसला वेल्डिंग करू देऊ नका. डबाबंद (चारही बाजूंनी बंद, आतून पोकळ) चॅसिसच्या आतल्या बाजूचा रंग वेल्डिंगच्या उष्णतेने जळतो आणि तिथे ब्रश पोहोचत नाही. मासळीचं खारं पाणी आत शिरलं की गंज आतून पोखरत येतो; बाहेर फोड दिसेपर्यंत पत्रा पातळ झालेला असतो. वेल्डिंगच्या टाक्याच्या कडेला तडा जाण्याचा धोका वेगळाच.

गार्ड बोल्टनेच बसवा. दीड इंची बी क्लास (मध्यम जाडीचा) जीआय, म्हणजे जस्त चढवलेला लोखंडी पाइप (बाहेरून सुमारे 48 मिमी, जाडी 3.2 मिमी) आणि 6 मिमी प्लेटचे ब्रॅकेट, प्रत्येक बाजूला तीन. पाइप-ब्रॅकेटचं वेल्डिंग गाडीपासून दूर, मोकळ्या हवेत करा. जोडाजवळचा जस्ताचा थर आधी घासून काढा, त्याचा धूर घातक असतो. पाइपची टोकं बंद केलीत तर दोन्हीकडे खालून 8 मिमीचं भोक ठेवा, नाहीतर पाणी आतच साचेल.

कंपनीने चॅसिसला ठेवलेली भोकं मिळाली तर तीच वापरा. नवं पाडायचंच तर उभ्या बाजूला पाडा, वरच्या-खालच्या पट्टीला हात लावू नका. सगळा भार तिथेच येतो. आधी आतून ब्रेकची नळी, डिझेलची लाइन आणि वायरिंग कुठून जातं ते पाहा. ड्रिलचा कीस चुंबकाने पूर्ण काढा, तो आत राहिला तर तिथूनच गंज धरतो. डबाबंद चॅसिसमधून बोल्ट आरपार जात असेल तर आत पाइपचा तुकडा घाला. नाहीतर आवळताना चॅसिस चेपते आणि बोल्ट कायम ढिला राहतो.

रंगकामात घाई नको, कारण गंज सुरू होतो तो ब्रॅकेटखालच्या फटीतून. गंज वायर ब्रशने चकचकीत लोखंड दिसेपर्यंत काढा, गोड्या पाण्याने मीठ धुवा, पूर्ण वाळवा. मग झिंक प्रायमर आणि वर इपॉक्सीचा एक पातळ हात. जाड थर बोल्टखाली दबत जातो आणि पकड सुटते. गंजावरच रेड ऑक्साइड फासण्याचा उपयोग नाही. ब्रॅकेटखाली जुन्या ट्यूबचं रबर तर मुळीच नको, ते खारं पाणी धरून ठेवतं. वरची आणि बाजूची कड पीयू (पॉलियुरेथेन) सीलंटने बंद करा, खालची उघडी ठेवा. एम 12, ग्रेड 8.8 चे झिंक केलेले बोल्ट नायलॉक नटसह (आत नायलॉनची कडी असलेला, सहज ढिला न होणारा नट) सुमारे 80 न्यूटन-मीटरला आवळा, 500 किमीनंतर पुन्हा तपासा. शेवटी चॅसिसच्या आत लांब नळीने कॅव्हिटी वॅक्स (पोकळीत फवारायचं गंजरोधक मेण) मारा.

केबिन रबरवर हलते, म्हणून गार्ड केबिनला जोडू नका. 20-25 मिमी अंतर ठेवा. आरसीवरच्या रुंदीबाहेर काही जाऊ देऊ नका आणि हा बदल चालेल का, हे आरटीओत आधीच विचारा.

प्रश्न : चॅसिसला जुनं इंजिन ऑइल मारलं तर गंज थांबेल?

उत्तर : नाही. ते धुळीला धरून ठेवतं, बुशचं रबर फुगवतं आणि पावसात रस्त्यावर उतरतं. त्यापेक्षा माल उतरला की त्याच दिवशी गोड्या पाण्याचा पाइप चॅसिसखाली आणि ब्रॅकेटच्या वर फिरवा. मासळीवरच्या बर्फाचं वितळलेलं पाणी रस्त्यावर न सांडता त्याची नळी कॅनमध्ये सोडा. चॅसिस तर वाचेलच, शिवाय मागून येणारा दुचाकीवाला घसरणार नाही.