नायगाराला जाताना बफेलोच्या नव्या कला संग्रहालयासाठी अर्धा दिवस काढावा का?

तुम्ही लिहिलंय की आई-बाबा भारतातून आलेत, नायगाराची दोन दिवसांची सहल ठरली आहे आणि न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो शहराचं नूतनीकरण झालेलं कला संग्रहालय वाटेतच आहे. पण घरात चित्रांतलं कुणालाच कळत नाही, मग तिथे जाऊन करायचं काय, हा तुमचा प्रश्न. माझं उत्तर: जरूर जा. मी रॉचेस्टरला राहतो. हे संग्रहालय बंद होण्याआधी पाहिलं होतं आणि नव्याने उघडल्यावर 2023च्या ऑक्टोबरात आईला घेऊन गेलो होतो. तिचंही चित्रकलेशी काही नातं नाही.

आधी नावाचा उलगडा करतो, कारण पाट्यांवर आता ‘बफेलो एकेजी’ असं दिसेल. ऑलब्राइट, नॉक्स आणि गुंडलाख या तीन देणगीदारांची ही इंग्रजी आद्याक्षरं (A, K, G). प्रत्येकाच्या नावामागे एक इमारत आहे. ऑलब्राइटची संगमरवरी, ग्रीक देवळासारखी वास्तू 1905 सालची, नॉक्सची 1962ची, आणि गुंडलाखची, शोहेई शिगेमात्सू या वास्तुरचनाकाराने आखलेली काचेची इमारत 2023ची. जेफ्री गुंडलाख बफेलोतच वाढले, पुढे रोख्यांच्या व्यवहारात मोठे झाले आणि त्यांनी गावच्या संग्रहालयाला साडेसहा कोटी डॉलर दिले. एकूण खर्च 23 कोटींच्या घरात गेला. 2019च्या नोव्हेंबरात बंद झालेलं संग्रहालय 2023च्या जूनमध्ये उघडलं.

पूर्वी तुम्ही आलात की समोर गाड्यांचं मोठं आवार लागायचं. आता गाड्या जमिनीखाली लावायच्या आणि वर हिरवळ. जुन्या इमारतीच्या पुढच्या पायऱ्या साठच्या दशकात काढून टाकल्या होत्या, त्याही पुन्हा बांधल्या आहेत. मला या सगळ्या कामात हा भाग फार आवडला. नवीन बांधता बांधता त्यांनी जुन्या इमारतीचा मान तिला परत दिला.

सुरुवात जुन्या इमारतीतूनच करा. तिथे गोगँ या फ्रेंच चित्रकाराचं ‘पिवळा ख्रिस्त’ हे 1889चं चित्र आहे. मुलं सोबत असतील तर बाल्ला या इटालियन चित्रकाराचा कुत्रा शोधायला सांगा. साखळी लावून फिरायला निघालेला बुटका कुत्रा, आणि तो चालतोय हे दाखवायला एकाच चित्रात त्याचे कितीतरी पाय. 1912 सालचं हे चित्र समजावून सांगायची गरज पडत नाही. (चित्रं अधूनमधून दुसरीकडे प्रदर्शनाला जातात, तेव्हा एखादं हटकून पाहायचंच असेल तर आधी चौकशी करा.)

मग झाडांमधून वळत जाणाऱ्या काचेच्या पुलावरून नव्या इमारतीत या. आईला गुडघ्यांचा त्रास आहे, पण पुलावर पायऱ्या नाहीत आणि नव्या इमारतीत लिफ्ट आहे, त्यामुळे तिचं कुठे अडलं नाही.

नव्या इमारतीत क्लिफर्ड स्टिल या अमेरिकन चित्रकाराची चित्रं एकत्र लावली होती. या माणसाने 1964 साली आपली 31 चित्रं या संग्रहालयाला देऊन टाकली. भिंतभर कॅनव्हास, त्यावर काळा, पिवळा, विटकरी रंग, कडा फाटल्यासारख्या. माणूस नाही, झाड नाही, काही नाही. आई आता कंटाळेल अशी माझी खात्री होती. ती बाकावर बसली, बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, “आपल्या वाड्यात माजघराच्या भिंतीचे पोपडे निघायचे ना, खालचा जुना रंग दिसायचा, तसं आहे हे.” मग तिने त्या भिंतीचे रंग एकेक करून सांगितले. कोणत्या लग्नाच्या वेळी कोणता दिला होता, तेही. चित्रांतलं कळत नाही म्हणणाऱ्यांना मी ही गोष्ट नेहमी सांगतो, कारण त्या चित्रासमोर नेमकं काय करायचं असतं ते आईने न शिकवता केलं होतं. ही चित्रं लांबून बघायला मोकळी जागा लागते. ती जागा आता मिळाली आहे.

पोलॉक या अमेरिकन चित्रकाराचं ‘कन्व्हर्जन्स’ही याच संग्रहालयाचं आहे. साधारण आठ फूट उंच, तेरा फूट लांब, 1952चं. ज्यांच्या नावाची इमारत आहे त्या सेमूर नॉक्स यांनी 1956 साली ते संग्रहालयाला दिलं, त्याच वर्षी पोलॉक गेला. पोलॉकच्याच पिढीतल्या रॉथ्को या चित्रकाराचं नारिंगी-पिवळं चित्रही त्यांच्याच देणग्यांतलं. त्याच्यासमोर मला आपले गायतोंडे आठवले. नागपूरला जन्मलेले, जे.जे.मध्ये शिकलेले चित्रकार वासुदेव गायतोंडे 1964 साली शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला होते, तेव्हा तिथे हीच पिढी गाजत होती.

भारतीय मूर्ती मात्र शोधू नका. चोळकाळातली ग्रॅनाइटची शिवमूर्ती इथे होती. 2007 साली संग्रहालयाने आधुनिक कलेसाठी पैसा उभारायचा म्हणून बरीच प्राचीन शिल्पं लिलावात काढली, त्यांत ती चाळीस लाख डॉलरला गेली. आजच्या इमारतीत आनंदाने फिरतानाही मला त्याचं वाईट वाटतं, ते लपवत नाही.

शेवट नॉक्स इमारतीच्या चौकात करा. हा चौक पूर्वी उघडा होता आणि बफेलोच्या हिवाळ्यात महिनोन्महिने ओस पडायचा. आता त्यावर कलाकार ओलाफुर एलियासन आणि वास्तुरचनाकार सेबास्टियन बेहमान यांनी काच आणि आरशांच्या त्रिकोणांचं छत घातलंय. ते छत एका ठिकाणी नरसाळ्यासारखं निमुळतं होत थेट जमिनीला टेकतं. पावसाचं आणि वितळलेल्या बर्फाचं पाणी त्यातून खाली जातं. वर पाहिलं की ढगाचा एक तुकडा खरा आणि शेजारचा आरशातला, कुठला कुठला ते चटकन कळत नाही. या चौकात यायला तिकीट लागत नाही. आम्ही गेलो तेव्हा कॉलेजची मुलं अभ्यास करत बसली होती, एक आजोबा पेपर वाचत होते आणि दोन लहानग्या फरशीवर उताण्या पडून छताकडे बघत होत्या. आईला उठवायला मला तिथे सगळ्यात जास्त वेळ लागला.

आत उपाहारगृह आहे, पण आम्ही दशम्या आणि चटणी नेली होती. मागे ओल्मस्टेड या उद्यानरचनाकाराने आखलेलं डेलावेअर पार्क आहे, त्यातल्या हॉइट तळ्याकाठी बसून खाल्लं. तिथून नायगारा गाडीने अर्ध्या तासावर. सकाळी संग्रहालय, दुपारी धबधबा असंच ठेवा. धबधब्याकाठी भिजून-दमून आल्यावर चित्रं बघायचं त्राण कुणाच्याच अंगात उरत नाही. आणि संग्रहालय आठवड्यातले सगळे दिवस उघडं नसतं, तेव्हा वार पाहूनच निघा.