घोणस चावल्यावर रक्त गोठत नसेल तर आधी प्लाझ्मा द्यावा का?

नाही, आधी सर्पविषरोधक लस (एएसव्ही). प्लाझ्मा लागलाच तर त्यानंतर. घोणस आणि फुरसे यांचं विष रक्त गोठवणारे घटक वापरून संपवतं. विष अंगात फिरत असताना बाहेरून प्लाझ्मा ओतला, तर त्यातले गोठवणारे घटकही त्याच भट्टीत जातात. व्हिटॅमिन के इथे काही करत नाही, रक्त गोठू न देणारं हेपारिन तर नकोच.

ग्रामीण रुग्णालयात आम्ही साधी चाचणी करतो: शिरेतलं २ मिली रक्त कोरड्या काचेच्या नळीत घ्यायचं, २० मिनिटं हात लावायचा नाही, मग एकदाच तिरपी करायची. रक्त पाण्यासारखं वाहिलं की लस सुरू, साधारण १० व्हायल (कुप्या). नळी काचेचीच हवी, आणि साबणाने धुतलेली नको, नाहीतर धडधाकट माणसाचं रक्तही गोठत नाही आणि उगाच धावपळ होते (होतेच!). पुढची चाचणी ६ तासांनी, कारण यकृताला नवे घटक बनवायला तेवढा वेळ लागतो. तोवर नुसतं रक्त गोठलं नाही म्हणून व्हायलवर व्हायल चढवण्यात अर्थ नाही. घोणसीच्या दंशात लघवी किती होते, तिचा रंग कसा आहे, हेही बघत राहायचं. मूत्रपिंडं गुपचूप निकामी होतात.

एक अपवाद: आपली लस नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांसाठीच आहे. केरळकडच्या हम्प-नोज्ड पिट व्हायपर या सापाच्या दंशातही रक्त गोठायचं थांबतं, पण त्यावर ती चालत नाही.