धर्मकाट्याच्या मशीनवर सॉल्ट बसवताना: स्क्रिप्ट मध्येच तुटणार हे धरूनच लिहा

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. अकरा जिनिंगांवरची धर्मकाट्याची मशीनं, सगळ्यांवर उबंटू, म्हणजे लिनक्स. सॉल्ट म्हणजे अनेक मशीनं एका जागेवरून सांभाळणारं सॉफ्टवेअर. कर्ल या फाइल उतरवणाऱ्या आज्ञेने त्याची बूटस्ट्रॅप (बसवणारी) स्क्रिप्ट ओढायची आणि पाइप लावून सरळ एसएच, म्हणजे आज्ञा चालवणाऱ्या शेलच्या, हाती द्यायची, अशी एका ओळीची आज्ञा तुम्ही काट्यावरच्या पोरांना पाठवली. सहा ठिकाणी मिनियन (काट्याच्या मशीनवर बसणारा सॉल्टचा भाग) बसला, तीन ठिकाणी मध्येच अडकला, आणि दोन मशीनं मास्टरवर (सगळ्यांना आज्ञा देणाऱ्या मुख्य मशीनवर) एकाच नावाने दिसून राहिली. आता हे सगळं सोडून ॲन्सिबल, त्याच कामाचं दुसरं सॉफ्टवेअर, धरू का, असं तुम्ही विचारता.

ॲन्सिबलचं आधी सांगतो, कारण ते लवकर संपतं. ॲन्सिबल तुमच्या मशीनवरून एसएसएचने (दूरच्या मशीनवर लॉगिन करण्याच्या रीतीने) समोरच्या मशीनमध्ये शिरतं. तुमच्या जिनिंगांवर इंटरनेट आहे सिमकार्डाच्या राऊटरवर, आणि तिथे मशीनला स्वतःचा सार्वजनिक पत्ता नसतो. मोबाइल कंपनी कितीतरी ग्राहकांना एकाच पत्त्यामागे ठेवते. बाहेरून आत शिरायला दारच नाही. सॉल्टचा मिनियन उलट स्वतःहून मास्टरच्या 4505 आणि 4506 पोर्टला जाऊन भेटतो, म्हणून आपल्याकडे तो चालतो. ॲन्सिबलमध्येही पुल नावाची उलटी रीत आहे, गिट या फाइलींच्या साठ्यातून स्वतःच ओढून घेण्याची, पण सहा मशीनं बसली असताना गाडी फिरवू नका. तुमची अडचण सॉल्टची नाहीच, बसवण्याच्या रीतीची आहे.

पाइपची ती एक ओळ शहरातल्या फायबरवर चालून जाते. आपल्याकडे घातक आहे. एसएच पूर्ण फाइल येण्याची वाट पाहत नाही, जसजशा ओळी येतात तसतशा चालवत जातो. अर्ध्यात नेटवर्क गेलं तर शेवटची ओळ जिथे तुटली असेल तिथपर्यंतची आज्ञा तो पूर्ण समजून चालवतो. समजा स्क्रिप्टमध्ये ‘/व्हार/टीएमपी/बिल्ड’ हे फोल्डर पुसण्याची ओळ आहे, आणि डाउनलोड ‘/व्हार’ पाशीच तुटलं. मग पुसलं जाईल ते अख्खं व्हार. चांगल्या लिहिलेल्या स्क्रिप्टमध्ये हे टाळायला सगळं काम एका फंक्शनमध्ये बांधतात आणि त्या फंक्शनला अगदी शेवटच्या ओळीत हाक मारतात. शेवटची ओळ आली नाही तर काहीच चालत नाही. तुमची स्वतःची स्क्रिप्ट लिहाल तेव्हा ही सवय पहिल्या दिवसापासून लावा.

तुम्ही टाकलेला एरर, ‘सिंटॅक्स एरर, न्यूलाइन अनएक्स्पेक्टेड’, हा सॉल्टने दिलेलाच नाही. एसएचच्या हाती स्क्रिप्टऐवजी वेब पेज पडलं की तो हेच म्हणतो. तुम्ही वापरलेला पत्ता जुन्या लेखातला आहे. सॉल्टची पॅकेजं 2024 मध्ये जुन्या पत्त्यावरून ब्रॉडकॉमच्या पत्त्यावर हलली, आणि बूटस्ट्रॅप स्क्रिप्ट आता गिटहबच्या रिलीज पानावरून घ्यायची असते. सॉल्टस्टॅक कंपनी 2020 मध्ये व्हीएमवेअरने घेतली आणि व्हीएमवेअर 2023 मध्ये ब्रॉडकॉमने, त्याचा हा परिणाम. त्यामुळे त्याआधीचे लेख वाचून पत्ते उचलू नका. कर्लला एफ हा स्विच (आज्ञेला जोडायचा पर्याय) द्या, म्हणजे पान सापडलं नाही तर तो नापास होऊन थांबतो, चुकीचं पान मुकाट्याने पुढे ढकलत नाही. एल द्या, म्हणजे पत्ता पुढे वळवला असेल तर तो मागोमाग जातो. आणि रिट्राय द्याच.

मी काय करतो ते सांगतो. बूटस्ट्रॅप स्क्रिप्ट घरी एकदा उतरवतो आणि वाचतो. हजारो ओळींची आहे, सगळी वाचून होत नाही, पण आपल्याला लागणारा उबंटूचा भाग तरी डोळ्यांखालून घालतो. मग तिची शा-256 बेरीज (चेकसम, फाइल बदलली की बदलणारा आकडा) काढून माझ्या छोट्या स्क्रिप्टमध्ये लिहून ठेवतो. माझी स्क्रिप्ट आधी बूटस्ट्रॅप फाइल पूर्ण उतरवते, बेरीज जुळवते, जुळली तरच चालवते. काट्यावरच्या पोराला तीन वेगळ्या आज्ञा देतो: उतरव, तपास, चालव. तपासणीच्या वेळी माझ्या स्क्रिप्टच्या बेरजेची शेवटची सहा अक्षरं फोनवर वाचून घेतो. पोरगं ‘सात, एफ, दोन...’ असं वाचत जातं आणि मी माझ्या कागदावर खूण करत जातो. मिनिटभर लागतो, पण नंतरची चाळीस किलोमीटरची फटफटी वाचते.

बूटस्ट्रॅपला देताना मास्टरचा पत्ता ए या मोठ्या अक्षराच्या स्विचने द्या, मिनियनचं नाव छोट्या आयने द्या, आणि आवृत्ती बांधून द्या, म्हणजे ‘स्टेबल’ पुढे 3006. आवृत्ती न बांधता अकरा ठिकाणी अकरा दिवशी बसवलं तर अकरा तऱ्हा होतात.

आता लाइन, म्हणजे वीज, जाण्याचं. पॅकेज बसत असताना लाइन गेली की डीपीकेजी (उबंटूवर पॅकेज बसवणारा प्रोग्राम) अर्धवट अवस्थेत राहतं, आणि पुढची प्रत्येक इन्स्टॉल आज्ञा नकार देते. तुमच्या तीनपैकी एका मशीनचं हेच झालंय, तुमच्या लॉगमध्ये ‘डीपीकेजी वॉज इंटरप्टेड’ स्पष्ट लिहिलं आहे. म्हणून माझ्या स्क्रिप्टचं पहिलं काम डीपीकेजीला अर्धवट राहिलेलं पूर्ण करायला सांगणं, हे असतं. काही अर्धवट नसेल तर त्या आज्ञेने काही बिघडत नाही. दुसरं, उबंटू चालू झाल्याबरोबर मागे आपोआप अपडेट सुरू करतं आणि एपीटीला (पॅकेज उतरवून बसवणाऱ्या आज्ञेला) कुलूप लावतं. पोरगं मशीन लावतं, लगेच तुमची आज्ञा चालवतं, आणि कुलूप पाहून स्क्रिप्ट पडते. ते कुलूप पुसून टाकायचा सल्ला इंटरनेटवर जागोजागी आहे, तो घेऊ नका. वाट पाहणारा लूप लिहा, दहा मिनिटं थांबू द्या.

प्रत्येक पायरीला हाच प्रश्न विचारा: ही ओळ संपल्यावर लाइन गेली आणि स्क्रिप्ट पहिल्यापासून चालवली, तर काय होईल? ‘कॉन्फिग फाइलच्या शेवटी ओळ जोड’ असं लिहिलं असेल तर तीनदा चालवल्यावर तीन ओळी होतील. त्याऐवजी मिनियन.डी या सॉल्टच्या कॉन्फिग फोल्डरमध्ये आपली वेगळी फाइल पूर्ण लिहा. आधी तात्पुरत्या नावाने, मग सिंक (डिस्कवर पक्कं लिहिणं), मग नाव बदलून जागेवर. लाइन कधीही गेली तरी जुनी फाइल राहील किंवा नवी, अर्धी राहणार नाही. लॉगचंही तेच. बूटस्ट्रॅप आपला लॉग टीएमपी फोल्डरमध्ये ठेवतं, आणि उबंटूवर रीबूट झालं की टीएमपी साफ होतं. जे बिघडलं ते पाहायलाच मिळत नाही. आपल्या स्क्रिप्टमधून तो व्हार-लॉगमध्येही लिहा.

अडकलेल्या तिघांपैकी दुसरं मशीन, जिथे सर्टिफिकेट (समोरचा सर्व्हर खरा असल्याचा दाखला) ‘नॉट येट व्हॅलिड’ येतंय, त्याच्याबद्दल मला जवळजवळ खात्री आहे. कारण मी हे स्वतः पाहिलंय. हंगाम सुरू झाला होता, नोव्हेंबरचा पहिला आठवडा, हिंगणघाटच्या बाजूला एका जिनिंगवर गेलो. बाहेर कापसाच्या गाड्यांची रांग, आत काट्याच्या खोलीत मशीनच्या पंख्यावर रुईचा भुरका बोटभर साचलेला. दिवाणजी म्हणाले, “सकाळपासून हे असंच करून राह्यलं भाऊ, काहून ते समजून नाही राह्यलं.” एपीटी सांगत होतं की रिलीज फाइल अजून 148 दिवस वैध नाही. तो 148 आकडा पाहिला आणि कोपऱ्यातल्या तारखेकडे नजर गेली: 11 जून. हंगाम संपल्यावर मशीन जूनमध्ये बंद केलं होतं, पावसाळाभर बंदच होतं. मदरबोर्डवरचा सेल मेला होता, म्हणून हार्डवेअर घड्याळ गेलेलं. उबंटूने शेवटची जपून ठेवलेली वेळ उचलली, ती जूनची. आणि वेळ जुळवायला लागणारा यूडीपी 123 पोर्ट तिथल्या राऊटरवर बंद. मशीनच्या लेखी जून चालू होता आणि ऑगस्टात दिलेलं सर्टिफिकेट त्याला भविष्यातलं वाटत होतं.

बसस्टँडजवळच्या घड्याळाच्या दुकानातून 2032 नंबरचा बटण सेल आणला, तारीख हाताने लावली, हार्डवेअर घड्याळात लिहिली. वीस मिनिटांत मिनियन बसला. त्या दिवसापासून माझ्या प्रत्येक स्क्रिप्टमध्ये ती लिहिल्याची तारीख मी आतच टाकून ठेवतो. मशीनची तारीख त्या तारखेच्याही मागे असेल तर घड्याळ नक्की चुकलंय, दुसरी शक्यताच नाही. स्क्रिप्ट तिथेच थांबते आणि सांगते, ‘घड्याळ मागे आहे, भाऊला फोन करा.’ संदेश मराठीतच ठेवा. डेस्कटॉपच्या टर्मिनलमध्ये ते वाचता येतात. नुसत्या काळ्या कन्सोलवर चौकोन दिसतात, तिथे रोमन अक्षरांत मराठी लिहा. वाचणारा काट्यावरचा पोरगा आहे, त्याला कळलं पाहिजे.

सर्टिफिकेट तपासू नको असं कर्लला सांगणारा स्विच कोणीतरी तुम्हाला सुचवेल. हात लावू नका. ही स्क्रिप्ट रूट म्हणून चालते.

एकाच नावाची दोन मशीनं: तुम्ही एका डिस्कवरून दुसरी क्लोन केली असणार. नाव मिनियन-आयडी फाइलमध्ये साठवलेलं असतं आणि मास्टरला ओळख पटवणाऱ्या किल्ल्या पीकेआय फोल्डरमध्ये, दोन्ही क्लोनसोबत गेल्या. मास्टरला ते एकच मशीन वाटतं. आज्ञा दोघांनाही जाते आणि उत्तर कोणाचं आलं ते कळत नाही. सेवा थांबवा, मिनियन-आयडी आणि मिनियनच्या किल्ल्या काढा, होस्टनेम बदला, मशीन-आयडीही नवी करा, मग सेवा लावा. नाव गाव आणि काट्याचा क्रमांक मिळून ठेवा. माणसाच्या नावावरून ठेवू नका, माणूस बदलतो.

किल्ल्या स्वीकारताना घाई करू नका. आपोआप स्वीकारण्याची सोय आहे, ती बंदच असू द्या. मिनियनवर किल्लीचा ठसा काढून फोनवर वाचून घ्या, मास्टरवरच्या ठशाशी जुळवा, मग स्वीकारा. मास्टर उघड्या इंटरनेटवर असणं ही आपली लाचारी आहे, कारण सिमचे पत्ते बदलत राहतात. 2020 च्या एप्रिलअखेरीस सॉल्टमधली एक मोठी चूक जाहीर झाली, पासवर्डाशिवाय मास्टरवर आज्ञा चालवता येत होत्या. दुरुस्ती आली होती, पण मे महिन्याच्या पहिल्याच दिवसांत, दुरुस्ती न लावलेले उघडे मास्टर फोडले गेले. लिनिएजओएस (अँड्रॉइडवर आधारलेली फोनची प्रणाली) आणि घोस्ट (ब्लॉगचं सॉफ्टवेअर) यांनाही फटका बसला. अकराही मिनियन बसले की पुढचं काम वायरगार्डचा (व्हीपीएनचा) बोगदा टाकून ते दोन पोर्ट बाहेरून बंद करणं, एवढं मनावर घ्या.

आणि तुमच्या स्क्रिप्टमध्ये प्रिंटर, काट्याचं सिरियल पोर्ट, बॅकअप, सगळंच कोंबलंय. ते काढा. स्क्रिप्टने मिनियन उभा करावा आणि बाजूला व्हावं, बाकी सगळं सॉल्टच्या स्टेटमध्ये (मशीन कसं असावं ते सांगणाऱ्या मास्टरवरच्या फाइलींत) लिहा. स्क्रिप्टमधली चूक दुरुस्त करायला पोराला पुन्हा फोन करावा लागतो. स्टेटमधली घरी बसून होते.

जिथे नेट अगदीच रडतं तिथे डेब फाइली (उबंटूची पॅकेजं) पेनड्राइव्हवर न्या. 3006 पासून सॉल्ट स्वतःचं पायथॉन सोबत घेऊन येतं, म्हणून पॅकेज जड आहे, सिमवर ओढत बसू नका. स्क्रिप्टला शेजारच्या फोल्डरात फाइली सापडल्या तर तिने त्याच घ्याव्यात, बेरीज मात्र तशीच जुळवून.

आधी ती दोन जुळी मशीनं वेगळी करा, मग घड्याळ चुकलेल्या मशीनकडे जाताना सेल खिशात ठेवा. तिसऱ्या अडकलेल्या मशीनचा व्हार-लॉग इथे टाका, मास्टरचा पत्ता पुसून. संध्याकाळी पाहतो.