वाचकांचे प्रश्न : ज्वालामुखीच्या दगडावर एक रात्र

प्रश्न : माझा मुलगा कॅलिफोर्नियातील ओकलंड शहरात राहतो. येत्या मे महिन्यात आम्ही उभयता त्याच्याकडे जाणार आहोत. शहराला लागूनच असलेल्या सिब्ली नावाच्या राखीव क्षेत्रात, म्हणजे एका जुन्या ज्वालामुखीत, सामान पाठीवर घेऊन चालत जायचे आणि एक रात्र तंबूत काढायची, असा बेत त्याने परस्पर ठरवून टाकला आहे. ज्वालामुखीत झोपणे सुरक्षित आहे काय, आणि साठी ओलांडलेल्या माणसांना हे झेपेल काय?
(एक वाचक, राजारामपुरी)

उत्तर : ज्वालामुखीची भीती मनातून काढून टाकावी. सिब्लीचा ज्वालामुखी सुमारे एक कोटी वर्षांपूर्वी जागा होता आणि आता तो पूर्णपणे विझलेला आहे. नंतरच्या काळात भूकवचाच्या हालचालींमुळे तेथील थरांना घड्या पडल्या, सबंध ज्वालामुखीच कुशीवर कलंडला आणि पुढे खडीसाठी खाणी खोदल्या गेल्या तेव्हा त्याचे पोट उघडे पडले. त्यामुळे एरवी जमिनीखाली दडलेले शिलारसाचे, राखेचे आणि दगडगोट्यांचे थर तेथे चालता चालता पाहता येतात. (दगडाच्या खाणीचे पुढे फिरण्याचे ठिकाण होणे आपल्याला नवे नाही, रंकाळाही मूळचा खाणीचा खड्डाच, असे आपल्याकडे सांगतात.) हे क्षेत्र ईस्ट बे रीजनल पार्क डिस्ट्रिक्ट या सार्वजनिक संस्थेकडे असून १९३६ साली तिने सुरू केलेल्या पहिल्या काही उद्यानांत त्याचा समावेश होता. तेथील राउंड टॉप या शिखराची उंची १,७६३ फूट आहे, म्हणजे आपले कोल्हापूर शहर समुद्रसपाटीपासून जेवढ्या उंचीवर वसले आहे जवळजवळ तेवढीच. तेव्हा दम लागण्याइतकी विरळ हवा तेथे नाही; प्रश्न फक्त चढउताराचा आणि पाठीवरच्या ओझ्याचा आहे.

ओझ्यात सर्वांत जड असते ते पाणी. मुक्कामाच्या जागी पिण्याचे पाणी असेलच असे गृहीत धरू नये. आरक्षणाच्या कागदावर काय लिहिले आहे ते मुलाला नीट वाचायला सांगावे आणि शंका असल्यास माणशी चार ते पाच लिटर पाणी सोबत न्यावे. याचा सराव कोल्हापुरातच करता येईल. रंकाळ्याची सपाट प्रदक्षिणा त्यासाठी पुरेशी नाही. पाठपिशवीत पाण्याच्या बाटल्या भरून जोतिबाचा डोंगर पायी चढावा आणि उतरताना गुडघे काय म्हणतात ते पाहावे, कारण त्रास बहुधा उतरतानाच होतो. गुडघ्यांनी तक्रार केलीच, तर पाण्याचा भार मुलाच्या पाठीवर देण्यात कमीपणा मानू नये.

मे महिना म्हणजे उन्हाळा, हे आपले गणित तेथे चालत नाही. समुद्रावरून येणारे धुके संध्याकाळनंतर टेकड्यांवर चढते, तंबू बाहेरून ओला होतो आणि रात्रीचे तापमान दहा-बारा अंशांपर्यंत उतरते. कानटोपी, लोकरीचे मोजे आणि वारा अडवणारे जाकीट यांना पर्याय नाही. पायवाट सोडून झुडपांत शिरू नये, कारण तीन-तीन पानांच्या झुबक्यांची पॉयझन ओक ही वनस्पती त्या टेकड्यांवर सर्रास आढळते आणि तिच्या स्पर्शाने अंगावर दिवसेंदिवस खाजणारे फोड येतात. खुळखुळ्या सापही तेथे आहे. परतल्यावर अंगावर गोचीड चिकटलेली नाही ना, हेही पाहावे.

उघड्या शेकोटीचा विचार मात्र अजिबात करू नये, आणि नातवंडांनी हट्ट धरला तरी मानू नये. ऑक्टोबर १९९१ मध्ये सिब्लीच्या शेजारच्याच टेकड्यांत वणवा भडकला. त्यात पंचवीस माणसे मृत्युमुखी पडली आणि सुमारे तीन हजार घरांची राख झाली. आदल्या दिवशी विझवलेल्या गवताच्या आगीत उरलेली धग जोराच्या कोरड्या वाऱ्याने पुन्हा पेटली आणि हे घडले. त्या शहराच्या स्मरणात ती आग अजून ताजी आहे. रात्रीचे जेवण घरूनच करून नेलेले बरे; दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी यांना चूल लागत नाही.

प्रश्न : आम्ही विद्यापीठातील चार मित्र डिसेंबरात मसाई पठारावर एक रात्र तंबूत राहू इच्छितो. हॉटेल, गाडी, जनरेटर काही नको. पाणी कोठे मिळेल, तंबू कसा लावावा आणि परवानगी लागते काय?
(शिवाजी विद्यापीठ परिसर)

उत्तर : शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तुमच्या पत्रात तो शेवटी आला असला तरी व्यवहारात तो पहिला आहे. मसाई पठाराला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा आहे, त्यामुळे 'पूर्वी सगळेच राहायचे' हे उत्तर आता चालत नाही. पन्हाळ्याच्या वनविभागाच्या कार्यालयात आधी लेखी विचारणा करावी आणि जवळच्या गावच्या ग्रामपंचायतीलाही कळवावे. परवानगी न मिळाल्यास पठारावर दिवसभर हिंडून रात्री खालच्या गावात, कोणाच्या तरी अंगणात घरमालकाला विचारून तंबू टाकावा. जुलै १६६० मधील शिवाजी महाराजांच्या प्रवासाच्या स्मरणार्थ दरवर्षी पन्हाळ्याहून पावनखिंडीकडे पायी निघणारी मंडळीही वाटेवरच्या करपेवाडीसारख्या वस्त्यांच्याच आश्रयाने राहतात.

आता जमिनीविषयी थोडे विस्ताराने, कारण पठारावरच्या मुक्कामातील बहुतेक अडचणी तेथील दगडातून निघतात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूकवचाला पडलेल्या लांबच लांब भेगांतून शिलारस पुन्हा पुन्हा वाहिला आणि थरावर थर साचून आपला काळा पाषाण तयार झाला. त्याच्या माथ्यावर ऊन-पावसाच्या दीर्घ माऱ्याने जांभ्याचे टोपण तयार झाले आहे. जांभा सच्छिद्र असल्याने पावसाळ्यातले पाणी त्यातून खाली झिरपते, त्याच्या बुडाशी असलेल्या चिकणमातीवर अडते आणि पठाराच्या कडेला, जेथे जांभ्याचा कडा संपून उतार सुरू होतो तेथे झऱ्याच्या रूपाने बाहेर पडते. म्हणून डिसेंबरात पठाराच्या मध्यावर पाणी शोधत फिरणे व्यर्थ आहे. कड्याच्या पायथ्याशी हिरवी झाडी एका रेषेत दिसली तर तेथे पाहावे. नेमका झरा विचारायचा तो धनगरवाड्यावरच्या माणसाला. गुरे पितात ते पाणी कापडातून गाळून, खळखळून उकळी आल्यावर किमान एक मिनिट उकळत ठेवून मगच प्यावे, आणि झऱ्यात भांडी किंवा साबणाचे हात बुडवू नयेत, कारण खालच्या वस्तीचे पिण्याचे पाणी बहुधा तेच असते.

तंबूच्या खुंट्या जांभ्यात शिरत नाहीत. हातोडा घेऊन खटाटोप केला तरी खुंटी वाकते, कातळ हलत नाही. त्यासाठी कमानीच्या काड्यांवर स्वतः उभा राहणारा तंबू घ्यावा आणि त्याच्या ताणाच्या दोऱ्या भरलेल्या बाटल्यांच्या पिशव्यांना बांधाव्यात. येथे बहुतेक जण सभोवतीचे दगड उचलून तंबूभोवती रचतात, ते टाळावे. सड्यावरच्या, म्हणजे पठाराच्या उघड्या कातळी माथ्यावरच्या, प्रत्येक सुट्या दगडाखाली कोणी ना कोणी राहते, विंचू, पाल, बेडूक किंवा फुरसे, आणि उपटलेला दगड सकाळी परत जागेवर ठेवण्याची शुद्ध कोणाला राहत नाही. तंबूची जागा कड्यापासून आत, मळलेल्या वाटेजवळच्या उघड्या कातळावर निवडावी. कातळाच्या भेगांत आणि उथळ खळग्यांत जी बोटभर माती साचलेली असते तिच्यावर तंबू टाकू नये. पावसाळ्याच्या शेवटी सीतेची आसवे, गेंद, दवबिंदू ही सारी फुलते ती त्याच मातीत, आणि डिसेंबरात ती रिकामी दिसली तरी त्या फुलांचे बी तिच्यातच पडलेले असते. फुलांच्या दिवसांत, म्हणजे ऑगस्ट ते ऑक्टोबर, पठारावर मुक्काम करूच नये. दिवसा जाऊन वाटेवरून पाहून यावे.

याच पातळ मातीमुळे आणखी एक अडचण येते, जिच्याविषयी लाजेने कोणी विचारत नाही. शौचासाठी वीतभर खोल खड्डा खणून तो बुजवावा, हा जंगलातला नियम. पण सड्यावर वीतभर मातीच नाही. तेव्हा पठार उतरून माती असलेल्या उतारावर, झऱ्यापासून किमान साठ मीटर दूर जावे, आणि कागद पिशवीत बांधून परत आणावा. अंधार पडण्यापूर्वी ही जागा पाहून ठेवली म्हणजे रात्री बॅटरी घेऊन कड्याजवळ चाचपडावे लागत नाही.

डिसेंबरात आभाळ सहसा निरभ्र असते. मात्र हाच बेत एप्रिल-मेवर गेला तर वळवाच्या विजांचा विचार करावा लागेल, कारण सपाट सड्यावर सर्वांत उंच वस्तू तुम्हीच असता. गडगडाट ऐकू येताच पठार उतरायला लागावे. एकाकी झाडाखाली किंवा उथळ गुहेच्या तोंडाशी आसरा घेऊ नये.

प्रश्न : पन्हाळा हा ज्वालामुखीचा डोंगर आहे, असे मी वर्गात सांगितले. मग त्याचे तोंड कोठे आहे, असे एका विद्यार्थ्याने विचारले. काय उत्तर द्यावे?
(एक शिक्षिका, कसबा बावडा)

उत्तर : विद्यार्थ्याचा प्रश्न अगदी रास्त आहे. पन्हाळ्याला तोंड नाही, कारण तो ज्वालामुखी नव्हे. दूरवरच्या भेगांतून वाहत आलेल्या शिलारसाच्या थरांतून नद्या-ओढ्यांनी कोरून काढलेला तो उरलेला भाग आहे. आजूबाजूचे थर झिजून गेले, पन्हाळा राहिला. हे शिलारस किती दूर वाहत असतील याची कल्पना द्यायची तर आंध्रातील राजमहेंद्रीजवळच्या त्याच काळातील पाषाणाचे उदाहरण सांगावे. तो दख्खनच्या शिलारसाचाच पूर्व किनाऱ्यापर्यंत पोचलेला प्रवाह असावा, असे अनेक भूशास्त्रज्ञांचे मत आहे. वर्ग सहलीला नेता आला तर घाटातल्या कापलेल्या कड्यात हे थर बोटाने दाखवता येतील. दोन थरांच्या मध्ये कोठे तांबड्या मातीचा पट्टा दिसला, तर दोन उद्रेकांच्या मधल्या शांततेत दगडाची झीज होऊन तो तयार झाला, असे सांगावे.

प्रश्न : दाजीपूरच्या जंगलात स्वतःचा तंबू लावून राहता येईल काय?
(एक वाचक, गारगोटी)

उत्तर : नाही. दाजीपूरचे जंगल राधानगरी अभयारण्यात येते. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या कलम २७ आणि २८ प्रमाणे तेथे परवान्याशिवाय प्रवेश करता येत नाही आणि कलम ३० प्रमाणे आग लावणे हा गुन्हा आहे. वनखात्याने ठरवून दिलेल्या निवासातच राहावे. गव्याच्या वाटेवर तंबू ठोकण्यात शौर्य आहे, असे मला तरी वाटत नाही.

प्रश्न : पठारावर रात्री फुरसे चावल्यास गाडीरस्त्यापर्यंत पोचेतोवर काय करावे?
(एक वाचक, मलकापूर)

उत्तर : जखम कापू नये, चोखू नये, वर घट्ट दोरी आवळू नये आणि झाडपाल्यात वेळ घालवू नये. अंगठी, घड्याळ, पैंजण ताबडतोब काढावेत, कारण सूज झपाट्याने चढते. चावलेला हात किंवा पाय काठीच्या आधाराने न हलेल असा सैलसर बांधावा आणि माणसाला चालवू नये. तंबूचे कापड आणि दोन दांडके यांची डोली करून उचलून न्यावे. सोबत चार जण हवेत, ते याचसाठी. चावल्याची वेळ कागदावर लिहावी, साप मारण्यासाठी शोधत बसू नये. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावर आपल्याकडचे प्रतिविष चालते, म्हणून ते उपलब्ध आहे अशा रुग्णालयाचा दूरध्वनी क्रमांक निघण्यापूर्वीच प्रत्येकाने कागदावर लिहून खिशात ठेवावा. पठारावर मोबाईलला रेंज असेल आणि त्याची बॅटरीही उरलेली असेल, यावर विसंबून राहू नये.