डबा शोधायला निघताना : जिओकॅशिंगबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमची मुलं ८ आणि १२ वर्षांची आहेत. रविवारी त्यांना बाहेर काढायचं तर मॉलशिवाय काही सुचत नाही. जिओकॅशिंग, म्हणजे जीपीएसच्या मदतीने लपवलेले डबे शोधण्याचा खेळ, याबद्दल ऐकलं आहे. सुरुवातीला काय काय घ्यावं लागतं आणि खर्च किती? (घोडबंदर रोड, ठाणे)

उत्तर : जीपीएस असलेला फोन तुमच्याकडे आहेच, म्हणजे मोठा खर्च झालेला आहे. जिओकॅशिंग डॉट कॉमवर मोफत खातं उघडा. एकच खातं, आईवडिलांच्या हाती, आणि टोपणनाव असं ठेवा की त्यात आडनाव किंवा इमारतीचं नाव येणार नाही. काही डबे पैसे भरणाऱ्या सभासदांसाठी राखलेले असतात, पण पहिल्या काही महिन्यांत त्यांच्यावाचून काही अडत नाही. सोबत पेन्सिल, छोटी विजेरी, पॉवर बँक, पाणी आणि हातभर लांबीची काठी घ्या. ट्रेकिंगवाल्यांचं वेगळं जीपीएस यंत्र घ्यायची घाई करू नका. उपग्रहाद्वारे संदेश पाठवणारं यंत्र तर अजिबात मागवू नका; परवान्याशिवाय ते बाळगणं भारतात बेकायदा आहे, आणि परदेशी दुकानांच्या यादीत साधं यंत्र आणि हे यंत्र शेजारीशेजारी दिसतं.

खेळ साधा आहे. कुणीतरी डबा लपवतो, त्याचे अक्षांश-रेखांश जाहीर करतो. तुम्ही शोधता, आतल्या कागदावर नाव-तारीख लिहिता, डबा होता तसा परत ठेवता आणि खात्यावर नोंद करता. कागदावर सही झाली तरच डबा सापडला असं धरतात. २ मे २००० रोजी अमेरिकी सरकारने नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम मिसळलेली चूक काढून टाकली आणि दुसऱ्याच दिवशी ऑरेगन राज्यात डेव्ह उल्मर यांनी पहिला डबा ठेवला. तेव्हापासून नियम बरेच घट्ट झाले आहेत, ते पुढच्या उत्तरांत येतीलच.

आपल्या भागात डबे युरोप-अमेरिकेइतके दाट नाहीत, म्हणून घरूनच नकाशा पाहून निघा. पहिल्यांदा ‘ट्रॅडिशनल’ प्रकारचाच, म्हणजे जाहीर केलेल्या आकड्यांच्या जागीच असलेला डबा निवडा. काठिण्य १ ते ५ अंकांत देतात: पहिला आकडा शोधण्याचा, दुसरा वाटेचा. दोन्ही २ च्या आत असावेत. आकार ‘स्मॉल’ किंवा त्याहून मोठा घ्या, म्हणजे निदान १०० मिलिलिटरचा. ‘मायक्रो’ त्याहून लहान असतो आणि अंगठ्याएवढ्या नळीपायी मुलं पहिल्याच दिवशी कंटाळतात. शेवटच्या नोंदी जरूर वाचा. लागोपाठ दोन-तीन जणांनी ‘सापडला नाही’ लिहिलं असेल, तर डबा बहुधा गेलेला आहे.

प्रश्न : नकाशावर आकडे टाकले तर एकदा भलत्याच गावाला ठिपका पडला, दुसऱ्या वेळी बाण तीस मीटरच्या आतबाहेर नाचत राहिला. फोन खराब आहे का? (ऐरोली)

उत्तर : फोन बहुतेक ठीक असावा. पहिला घोटाळा आकडे लिहिण्याच्या पद्धतीचा दिसतो. जिओकॅशिंगमध्ये अंश आणि दशांश मिनिटं वापरतात, तर फोनवरचे नकाशे सहसा नुसते दशांश अंश दाखवतात. नकाशावर १९.१९८५ उत्तर असेल, तर दशांशापुढचा भाग ६० ने गुणायचा: ०.१९८५ गुणिले ६० म्हणजे ११.९१०. म्हणून ते १९ अंश ११.९१० मिनिटं. तेच आकडे घाईत १९ अंश १९.८५ मिनिटं असे वाचले, तर तुम्ही जवळजवळ पंधरा किलोमीटर उत्तरेला जाता. मिनिटांचे तिन्ही दशांश आकडे टाका. तिसऱ्या स्थानावरचा एक आकडा म्हणजे दक्षिणोत्तर १.८५ मीटर, आणि आपल्या अक्षांशावर पूर्वपश्चिम १.७५ मीटर. तो गाळला तर चूक सोळा-सतरा मीटरपर्यंत जाते.

बाण नाचण्याचं कारण वेगळं आहे. मोकळ्या आकाशाखाली चांगला फोन सुमारे पाच मीटरपर्यंत अचूक असतो. पण डबा ठेवणाऱ्याचीही तेवढीच चूक झालेली असते, आणि दोन्ही एकाच दिशेने असतील तर त्यांची बेरीज होते. म्हणून दहा मीटरचा फरक अगदी नेहमीचा. उंच टॉवरांच्या मध्ये उपग्रहाचा संदेश भिंतींवर आपटून उशिरा पोचतो, फोनला अंतर जास्त वाटतं आणि ठिपका रस्त्याच्या पलीकडे उडी मारतो. अशा जागी इमारतींपासून दूर, मोकळ्यावर दोन-तीन मिनिटं उभं राहा, आकडा स्थिरावू द्या आणि मग दिशा धरून चालत या. होकायंत्र बिघडलं असेल तर फोन हवेत इंग्रजी आठच्या आकारात फिरवा, आणि चुंबकाचं कव्हर आधी काढून टाका. बाण चुकीचा फिरण्यामागे ते अनेकदा असतं. नेट जाण्याची शक्यता असेल तिथे डब्याची माहिती आणि नकाशा घरीच उतरवून घ्या.

अंतर दहा मीटर दाखवलं की फोन खिशात. इथून पुढे डोळ्यांचं काम.

प्रश्न : म्हणजे बघायचं तरी कुठे? आम्ही बागेत तासभर फिरलो, मुलगी रडायला आली. (नेरूळ)

उत्तर : ‘मी लपवला असता तर कुठे?’ हा प्रश्न आधी मुलीला विचारा. मुलांची नजर कमरेच्या खाली चटकन जाते, मोठ्यांची वर. कामं तशी वाटून घ्या. मग जे जागेवर शोभत नाही ते शोधा: व्यवस्थित रचलेले दगड, खोडाच्या बेचक्यातला वाळक्या काटक्यांचा नीट ढीग, कुंपणाच्या नळीवरचं जास्तीचं टोपण. लोखंडी वस्तूंच्या मागे चुंबकाचा डबा असू शकतो. विजेचे खांब आणि डीपी मात्र दुरूनच सोडा. तिथे डबा ठेवण्याची कुणाला परवानगी नसते आणि मुलांचा हात तिथे जाता कामा नये. झाडं सोलायची नाहीत, माती खणायची नाही: जागेच्या मालकाच्या परवानगीशिवाय डबा पुरण्यासाठी खड्डा करायला नियमानेच मनाई आहे. बिळात किंवा दगडांच्या फटीत आधी काठी, मग विजेरी, शेवटी हात. पावसाळ्यात आपल्याकडे घोणस आणि मण्यार वस्तीपर्यंत येतात, हे मुलांना आधी सांगून ठेवा.

वेळ ठरवूनच जा. वीस मिनिटांत नाही मिळाला तर डब्याच्या माहितीतला इशारा (हिंट) वाचा, आणखी दहा मिनिटं द्या आणि मग ‘सापडला नाही’ अशी नोंद करा. त्यात कमीपणा नाही; डबा जागेवर आहे का ते बघायला पाहिजे, हे डबा ठेवणाऱ्या मालकाला त्या नोंदीवरूनच कळतं.

डब्यातून वस्तू घेतली तर तेवढ्याच किंवा जास्त मोलाची वस्तू ठेवायची. गोट्या, बिल्ले, छोट्या मोटारी चालतात. खाऊ नको: मुंग्या, उंदीर आणि माकडं डबा फोडतात. आत आकडे कोरलेला धातूचा बिल्ला दिसला, तर तो खेळणं नव्हे. तो एका डब्यातून दुसऱ्यात प्रवास करतो. नेलात तर नोंद करा, पुढच्या डब्यात सोडा आणि त्यावरच्या क्रमांकाचा फोटो कुठेही टाकू नका.

प्रश्न : आम्हाला स्वतःचा डबा ठेवायचा आहे. येऊर, खारघरची टेकडी किंवा स्टेशनजवळचा पूल असं डोक्यात आहे. (खारघर)

उत्तर : तिन्ही जागा सोडा, अशी आमची कळकळीची विनंती आहे. स्टेशनवर ‘बेवारस वस्तूला हात लावू नका’ हे आपण रोज ऐकतो. लोहमार्गाच्या भागात झाकण लावलेला, चिकटपट्टी गुंडाळलेला डबा दिसला तर लोक पोलिसांना बोलावणार, आणि बोलावलंच पाहिजे. पूल, स्टेशन, मॉल, शाळा, देवळं, सरकारी कार्यालयं या सगळ्यांना हेच लागू. येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात मोडतं. वन विभागाच्या परवानगीशिवाय तिथे काहीही ठेवता येत नाही, आणि तिथे बिबट्यांचा वावर आहे, झाडीत वाकून शोधणारं लहान मूल तिथे नको. टेकडीवरही जमीन कुणाची ते कळल्याशिवाय आणि परवानगी मिळाल्याशिवाय डबा नको. खाडीकाठचं कांदळवनही टाळा: ते संरक्षित आहेच, शिवाय भरतीला डबा वाहून गेला की तो खाडीतला आणखी एक प्लास्टिकचा तुकडा.

आमच्या मते इथे सर्वांत चांगला मार्ग म्हणजे टप्प्याटप्प्याचा ‘मल्टी’. सार्वजनिक जागेत काहीच ठेवायचं नाही, तिथली माहितीच वापरायची. नेरूळच्या ज्वेल ऑफ नवी मुंबईच्या फेरफटक्यावर किंवा खारघरच्या सेंट्रल पार्कमध्ये फलकावरचे अंक, पायऱ्या, खांब मोजायला लावा आणि त्या आकड्यांतून शेवटच्या जागेचे मिनिटांचे दशांश काढायला द्या. पुन्हा रंगवले जाणारे किंवा हलवले जाणारे फलक घेऊ नका. खरा डबा एकच, तो सोसायटीच्या आवारात, समितीच्या लेखी परवानगीने. बाहेरची माणसं येणार आहेत हे सुरक्षारक्षकालाही सांगून. दोन प्रत्यक्ष डब्यांमध्ये किमान १६१ मीटर अंतर लागतं, नुसत्या माहितीच्या टप्प्यांना ही अट नाही.

डबा पारदर्शक, चारही बाजूंनी क्लिप बसणारा आणि रबरी कडीचा घ्या, अर्धा ते एक लिटरचा. बाहेर आणि आत ‘हा जिओकॅश आहे, खेळासाठी ठेवलेला आहे’ असं मराठीत, सोबत संपर्क, ठळक लिहा. जागेचे आकडे एकाच वेळी घेऊ नका: तीन वेगवेगळ्या वेळी जा, दर वेळी पाच-सात नोंदी घ्या आणि सरासरी काढा. स्वयंसेवक परीक्षक तपासतात, मगच डबा नकाशावर येतो. पुढची देखभाल तुमची, म्हणून रोजच्या येण्याजाण्याच्या वाटेवरचीच जागा निवडा.

त्याआधी घरगुती सराव करा. २०० ते ३०० मिलिलिटरचे चार डबे, सकाळी सात ते नऊ, सोसायटीच्या बागेत किंवा परवानगी असलेल्या मैदानात. दोन डब्यांत ४० ते ५० मीटर अंतर ठेवा, नाहीतर जीपीएसच्या चुकीमुळे दोन जागा एकमेकींत मिसळतात. एकाने लपवायचं, बाकीच्यांनी शोधायचं, मग अदलाबदल. निघताना चारही डबे मोजून परत घ्या.

प्रश्न : पावसात कागद भिजून लगदा होतो. उपाय? (कळवा)

उत्तर : डबा गळण्याचं कारण बहुतेक वेळा झाकणाच्या कडीत अडकलेलं पिशवीचं टोक किंवा वाळूचा कण असतं. कडी दर वेळी पुसा. कागद झिपच्या पिशवीत, ती दुसऱ्या पिशवीत, सोबत सिलिका जेलची पुडी. शाई पसरते म्हणून पेन्सिलच. जुन्या फिल्म रोलच्या डब्या पावसाळा काढत नाहीत. त्यांपेक्षा बाटल्या फुगवण्यापूर्वीची जाड प्रीफॉर्म नळी, स्क्रूच्या टोपणासह, बरी टिकते. जूनच्या आधी आणि ऑगस्टमध्ये एकदा कागद बदला. पाऊस फार असेल तर खात्यावर डबा तात्पुरता बंद दाखवून घरी आणा.

प्रश्न : सासऱ्यांचे गुडघे दुखतात. त्यांना सोबत नेता येईल का? (वाशी)

उत्तर : वाटेचं काठिण्य १ असलेले डबे निवडा, तो आकडा चाकाच्या खुर्चीनेही पोचता येईल अशाच जागेला देतात. १.५ दिसलं तर नोंदी वाचून पायऱ्या आहेत का ते बघा. अर्थकॅश या प्रकारात डबाच नसतो. खडक किंवा भूरूप पाहून प्रश्नांची उत्तरं मालकाला पाठवायची असतात. कडेला बाक असलेली सपाट वाट असेल, तर खडक पाहून उत्तर शोधण्याचं काम सासरे आणि नातवंडं मिळून करू शकतील. निघताना वाटेची लांबी नकाशावर मोजा. बाण सरळ रेषेतलं अंतर दाखवतो, चालायचं अंतर त्याच्या दीडपट-दुप्पट भरू शकतं.