दोन एकर विकू नको, आधी तिफण काढ

तुझा निरोप दोनदा वाचला. दारव्ह्याजवळचं गाव, नागपुरात चित्रकलेच्या पदवीचं शेवटचं वर्ष, वहीत दीडशेच्या वर रोबो आणि घरात रोजचा वाद. बाबा म्हणतात दोन एकर विकून तुला जपानला पाठवतो. आई म्हणते, "चित्रं काढून कोनाचं पोट भरलं बापा?" आणि तू विचारतोस, "ताई, पुढच्या एप्रिलला निघू का?"

नको निघू. आणि वावर तर विकूच नको.

कागदांचं आधी सांगते, कारण पोरं तिथेच फसतात. इथे जपानात चित्रकार किंवा डिझायनर म्हणून नोकरी करायची तर बहुतेकांना जो व्हिसा लागतो त्याला इथे तोंडातोंडी 'गिजिंकोकू' म्हणतात. त्यासाठी कामाशी जुळणारी पदवी लागते, नाहीतर कामाच्या प्रकारानुसार 3 ते 10 वर्षांचा अनुभव. म्हणून शेवटचं वर्ष अर्धवट टाकून येण्याचा जो विचार तू हळूच लिहिला आहेस, तो आजच्या आज सोड. नोकरी मिळाली की कंपनीच तुझ्यासाठी इथल्या इमिग्रेशनकडून पात्रतेचं प्रमाणपत्र काढते, ते घेऊन तू मुंबईच्या वकिलातीत व्हिसाला अर्ज करायचा.

दुसरी वाट भाषाशाळेची. तिची फी वर्षाला साधारण 7 ते 9 लाख येन, राहणं-खाणं वेगळं. विद्यार्थी म्हणून परवानगी काढून आठवड्याला 28 तासच काम करता येतं. तेवढ्यात टोकियोत खोलीचं भाडं निघतं, फी निघत नाही. मी याच वाटेने आले. नागपुरातल्या एका एजंटाने माझ्याकडून 60 हजार घेतले आणि माझा अर्ज शाळेपर्यंत पोचलाच नव्हता, हे मला पाच महिन्यांनी कळलं. शाळांशी थेट बोलता येतं बाबा, मधला माणूस लागत नाही.

भाषा गावात बसूनच सुरू कर. जपानी भाषेची परीक्षा जुलै आणि डिसेंबरात होते, पुण्या-मुंबईला केंद्रं आहेत. सगळ्यात सोप्या एन-5 पासून चढत सगळ्यात अवघड एन-1 पर्यंत जायचं असतं. डिझाईनच्या कामाला एन-2 असेल तर लोक तुझ्याशी बोलतात, नाहीतर नुसतं हसून मान डोलावतात.

आता चित्रं. तू पाठवलेली बारा मी नीट पाहिली. हात चांगला आहे, रेघ धीट आहे. पण बाराच्या बारा रोबो इथलेच आहेत. खांद्यावर तेच मोठे चौकोन, कपाळावर तीच शिंगं. इथे यंत्रांचं डिझाईन हा वेगळा धंदा आहे, 1972 पासून अ‍ॅनिमेशनच्या पडद्यावर ते करणाऱ्याचं वेगळं नाव येतं. पहिलं नाव कुनिओ ओकावारांचं. त्यांच्या इनागी गावी रेल्वे स्टेशनाबाहेर त्यांच्या रोबोंचे पुतळे उभे आहेत. त्यांच्यासारखं काढणारी पोरं इथे गल्लोगल्ली आहेत. तुझ्यासारखं काढणारा इथे कोणी नाही, आणि तू ते अजून काढलेलंच नाहीस.

माझी पहिली मुलाखत सांगते. चाळीस चकचकीत चित्रं घेऊन गेले होते. समोरच्या म्हाताऱ्या डिझायनरने पानं उलटली, एका रोबोच्या गुडघ्यावर पेन्सिल टेकवली आणि विचारलं, "पाय वाकला की हा पत्रा कुठे जातो?" मी गप्प. त्याने तिथे बारीक लिहिलं, 'कान्शो'. म्हणजे एक भाग दुसऱ्यावर आदळतो, घासतो. मुलाखत संपली.

परत येताना लोकलमध्ये मला आमचा नंदी आठवला. बाबा सुतार, राळेगाव तालुक्यातलं गाव. चौथीत असताना तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोरांच्या पोळ्याला, त्यांनी मला लाकडाचा नंदी केला. चाकं आसाला घट्ट ठोकलेली, म्हणजे ओढलं की आसही फिरायचा. आसावर मधोमध एक तिरका गट्टू, त्याच्यावर टेकलेली काडी सरळ मानेखाली. गट्टू फिरला की काडी वर, मान वर. पुढे गेला की मान खाली. पहिल्या दिवशी मान अर्ध्यातच अडली. मी रडायला लागले. बाबांनी नंदी उलटा धरला आणि म्हणाले, "थे अटकते कुठी, आंधी पाह्य." मग छातीचं लाकूड अर्धा बोट तासलं. दुसऱ्या दिवशी नंदी मान हलवत साऱ्या गावात फिरला आणि मला इतरांच्या दुप्पट बोजारा, म्हणजे घरोघरची ओवाळणी, मिळाला.

मी वीस वर्षं रोबो काढत होते आणि घरातला पहिला रोबो विसरले होते! पुढच्या मुलाखतीला मी तोच नंदी मोठा केला. तीन मजली, मान हलवणारा, प्रत्येक सांधा तीन वेळा काढलेला: उभा असताना, वाकलेला आणि आतून. त्या कंपनीत मला खेळण्यांच्या विभागात घेतलं. आज माझं निम्मं काम हेच आहे, कुठे घासतं ते शोधायचं आणि तासायचं.

एक खड्डाही दाखवून ठेवते. अ‍ॅनिमेशनमध्ये दोन मुख्य चित्रांमधली चित्रं भरण्याचं काम नव्या पोराला लगेच मिळतं, पण त्याला कितीतरी वर्षं एका चित्रामागे 200 येनच्या आसपासच मिळत आले. दिवसभर मान मोडून काढलं तरी पोटापुरतं होत नाही. ओळख करून घ्यायला सहा महिने ठीक, त्यावर घर चालवायचा बेत करू नको.

आईंसाठी एक गोष्ट. 'रोबो' हा शब्द 1920 मध्ये चेक लेखक कारेल चापेक यांच्या नाटकात आला, पण तो सुचवला त्यांच्या भावाने, आणि तो भाऊ चित्रकार होता. मूळ शब्दाचा अर्थ वेठ, आपली वेठबिगार. दुसरी गोष्ट, 1999 साली सोनीचा ऐबो नावाचा यंत्रकुत्रा बाजारात आला. त्याचं रूप ठरवलं हाजिमे सोरायामा यांनी, तेही चित्रकारच. पुढे त्याची दुरुस्ती बंद झाली, तेव्हा लोक ते कुत्रे चिबा प्रांतातल्या एका देवळात आणू लागले आणि भिक्षूंनी त्यांच्यासाठी रीतसर मंत्र म्हटले. इथल्या मैत्रिणींना यात नवल वाटतं. मला नाही वाटत, मी बैलाचे पाय धुऊन त्याला पुरणपोळी भरवणाऱ्या घरातली आहे.

थंडी, एकटेपणा, जेवण यांचं फार मनावर घेऊ नको. भिवापुरी मिरचीचं तिखट सोबत आण, बाकी जमतं.

तर आता काम. तुमच्या गोठ्यात पेरणीची जुनी तिफण पडलेली असेलच. तिची तीन चित्रं काढून पाठव. एक पूर्ण, एक चाड्यापासून नळ्यांतून फणापर्यंत बी कसं उतरतं त्याचं, आणि तिसरं ती चालू लागली तर पाय कुठे वाकतील त्याचं. बाबांना विचार, पेरताना नळी चोंदली तर ते ती कशी मोकळी करत. तेही काढ, हातासकट.